नम्रता आणि सेवेची प्रीती: मंडळीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सलाम सगळ्यांना. बायबल स्टडी संपल्यावर, तरुण संघात, कधी अंत्यविधीहून परत येताना गाडीत, हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी पाळक नाही, मंडळीतला सभासद आहे, पण हा विषय मला फार जवळचा वाटतो. वचनांचे संदर्भ दिलेत, बायबल उघडून ताडून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

नम्र असणं म्हणजे सारखं "मी काहीच नाही, मला काही येत नाही" म्हणत राहणं का?

नाही. असं सतत बोलणाऱ्याचा विषय शेवटी "मी"च राहतो, फक्त सूर खालचा असतो. रोमकरांस पत्र 12:3 मध्ये पौल सांगतो की स्वतःला असावं त्याहून मोठं समजू नका, नीट विचाराने समजा, म्हणजे जे आहे ते आहे तसं. ज्याला पेटी चांगली वाजवता येते त्याने "छे हो, मला कुठे येतं" करत दहा जणांकडून आग्रह करून घेण्यापेक्षा सरळ बसून वाजवावी, गाणाऱ्यांना सूर मिळेल, आणि वाजवून झालं की खुर्च्या उचलायला लागावं. गणना 12:3 मध्ये मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हटलंय आणि हाच मोशे फारोच्या समोर जाऊन उभा राहिला होता. त्यामुळे दबून राहणं, घाबरून गप्प बसणं याला नम्रता म्हणायची सवय आपण सोडायला हवी, कारण त्या सवयीने आपल्याकडच्या कितीतरी मुली, सुना आणि गरीब सभासद आयुष्यभर गप्प बसलेत.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगात एवढं विशेष काय होतं? पाहुण्यांचे पाय तर त्या काळी धुतच असत ना?

धुवत, पण घरातला दास धुवायचा. कोणाचा गुरू शिष्यांचे पाय धुवत नसे. योहान 13 वाचताना लूक 22 पण शेजारी उघडून ठेवा म्हणजे त्या खोलीतलं वातावरण कळतं. त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांचा वाद चालला होता की आपल्यात मोठा कोण. त्याच्या थोडं आधी याकोब आणि योहान येऊन उजवी-डावीकडची जागा मागून गेले होते (मार्क 10) आणि बाकीचे दहा त्यांच्यावर चिडले होते. उघड्या चपलांनी धुळीच्या रस्त्यावरून आलेली माणसं, टेकून जेवायला बसलेली, पाणी आहे, रुमाल आहे, आणि उठत कोणीच नाही, कारण जो उठेल तो खालचा ठरणार. तेव्हा येशू उठला. अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि एकेकाचे पाय धुवायला लागला.

यात दोन गोष्टी मला सोडवत नाहीत. पहिली तिसऱ्या वचनात आहे आणि आपण ती भरभर वाचून पुढे जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलोय आणि देवाकडे चाललोय, हे येशूला ठाऊक होतं, आणि लगेच पुढचं वाक्य की तो भोजनावरून उठला. म्हणजे स्वतःला कमी समजून तो वाकला नाही, आपण कोण आहोत हे पक्कं माहीत होतं म्हणून तो वाकू शकला. ज्याला आपल्या जागेची भीती आहे त्याला रुमाल उचलणं जड जातं, मग ती जागा पंच कमिटीतली असो नाहीतर घरातल्या मोठ्या सुनेची. आपली किंमत प्रभूने आधीच ठरवलीय हे ज्याच्या मनात खोल गेलंय तो माणूस कुठलंही काम हातात घेतो आणि त्याचं काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट यहूदा, येशूला पैशासाठी धरून देणारा शिष्य. पाय धुवून झाले तेव्हा तो तिथेच होता, घास घेऊन तो बाहेर गेला ते नंतर. आणि त्याच्या मनात काय चाललंय ते येशूला ठाऊक होतं. प्रीती लायकी बघून करायची नसते हे आपण बोलतो, पण जो आज रात्री विकणार आहे त्याच्या टाचेवरची धूळ हाताने धुणं म्हणजे काय याचा विचार करत थोडा वेळ तिथेच थांबावं असं मला वाटतं.

मग आपणही चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी करावा का?

करायला हरकत काहीच नाही. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, तो होतोच, वसईत, मुंबईत, गोव्यात अनेकांनी पाहिलाय, आणि काही प्रॉटेस्टंट मंडळ्याही करतात. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या मुलांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. तेव्हा बऱ्याच जणांना ते रुचलं नाही, पण 2016 मध्ये त्यांनी नियमच बदलून स्त्रियांचा त्यात समावेश केला.

विधीबद्दल माझं मत एवढंच की ज्यांचे पाय धुतले जाणार ते घरून स्वच्छ पाय धुवून येतात आणि समोर कॅमेरा असतो, तेव्हा त्या दिवशी कोणाला बसवायचं हे नीट निवडा. देणगीदारांना बसवू नका. गेट उघडणारे, झाडलोट करणारे, ज्यांच्याशी वर्षभर कोणी दोन शब्द बोलत नाही त्यांना बसवा.

आमच्या मंडळीत काही कामं ठराविक लोकांनीच करायची असं ठरल्यासारखं आहे. यावर बोलावं का?

बोलावं. आणि हा प्रश्न टाळून नम्रतेवर कितीही उपदेश केले तरी ते हवेत जातात, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मराठी मंडळ्या कुठून आल्या हे आपल्याला माहीत आहे. गावकुसाबाहेरून आलेली घराणी आहेत, वरच्या मानल्या गेलेल्या जातींतून आलेली थोडी आहेत, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात वाहून गेली असं आपण म्हणत असलो तरी लग्न जमवताना ती बरोबर वर येते. प्रीतिभोजनात वाढायला कोण, भांडी घासायला कोण, संडास साफ करायला कोण, स्टेजवर माईक हातात कोणाच्या, हे एकदा शांतपणे बघा. याकोबाच्या पत्रात 2:1-4 मध्ये अगदी हेच आहे, सोन्याची अंगठीवाला आला की "इथे बसा" आणि गरीब आला की "तू तिकडे उभा राहा". पहिल्या शतकातली मंडळीही यातून सुटली नव्हती, म्हणून तर लिहावं लागलं.

इथे मला पंडिता रमाबाईंचं आयुष्य नेहमी आठवतं. जन्म 1858 चा, ब्राह्मण घराणं, संस्कृत एवढं पक्कं की 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरव केला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आलं, आणि तिथे सुरुवातीला विधवा मुलींना आपापल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळायची मुभा होती. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने, आजाराने खंगलेल्या मुली आणि बायका शेकड्यांनी घेऊन आल्या, सगळ्या जातींच्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आता एकत्र राहणं, एकत्र जेवणं, एकमेकींचं आजारपण काढणं, विणकाम, शेती, छापखाना, सगळं त्या बायकाच करत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं तेही साध्या बायांना समजेल अशा मराठीत, आणि त्याची छपाई मुक्तीतच झाली. 1922 मध्ये त्या गेल्या. एवढी विद्या असलेल्या बाईला पुण्यामुंबईच्या सभांमधून भाषणं करत मान मिळवता आला असता, पण त्या केडगावात त्या मुलींच्यात राहिल्या. मला तरी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेतलं असं सांगणारा, कोणाच्या आयुष्यात बघायचा असेल तर तो इथे दिसतो.

करायचं काय, तर कामांची यादी करून पाळीपाळीने नावं लावा, आणि त्यात पंच, सेक्रेटरी, पाळकसाहेब सगळ्यांची नावं येऊ द्या. संडास धुण्याच्या पाळीसकट. पहिल्या महिन्यात कुरबूर होईल, होऊ द्या. आणि घरी धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला असेल तर तो आजच्या आज काढून टाका, रविवारची सुट्टी आणि आजारपणाची सुट्टी पगार न कापता द्या, त्यांना नावाने किंवा मावशी, ताई म्हणून हाक मारा.

नम्र राहायचं म्हणजे ऑफिसमध्ये, सासरी, मंडळीत कोणी काहीही बोललं तरी ऐकून घ्यायचं का?

योहान 18:22-23 वाचा. मुख्य याजकाच्या चौकशीत शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा येशूने उलट मारलं नाही, पण गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं सरळ विचारलं. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये फिलिप्पै शहरात पौल आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा पौल म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्यांना यावं लागलं. "लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना" हे पौलाने पुढे लिहिलं ते याच शहरातल्या मंडळीला, म्हणजे ज्यांनी त्याला तेव्हा पाहिलं होतं त्यांना. त्यांना नक्की कळलं असणार की लीनता आणि अन्यायापुढे मान टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, प्रार्थना कर, तुझ्या नम्रतेने तो बदलेल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो सांगणारा कोणीही असो. आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन 181, तातडीसाठी 112, लहान मुलांसाठी 1098. क्षमा, समेट या गोष्टी नंतरच्या आहेत, आणि त्या कोणी जबरदस्तीने करून घेऊ शकत नाही.

मत्तय 6 म्हणतं उजवा हात काय दान करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, मग सेवेचे फोटो ग्रुपवर टाकायचे की नाही?

ज्याला धान्याचं किट दिलं त्याचा चेहरा फोटोत येता कामा नये, यावर तरी एकमत व्हावं. त्याची गरज ही आपली पोस्ट नाही. हिशेब द्यायचा असेल तर किती पैसे जमले, कशावर खर्च झाले ते लिहा, पावत्या दाखवा. 2 करिंथ 8:20-21 मध्ये पौल वर्गणीच्या पैशाबद्दल एवढा काळजीपूर्वक वागतो की देवासमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं नीट दिसावं म्हणतो. तेव्हा हिशेब उघडा आणि चेहरे झाकलेले.

आम्ही हिंदू शेजाऱ्यांना मदत केली की लोक म्हणतात धर्मांतरासाठी करता. काय करावं?

करत राहावं, आणि खरंच अटी न ठेवता करावं. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानत त्यांच्यातला. बाकीच्या नऊ जणांचं बरेपण येशूने परत घेतलं नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तर जखमी माणसाला शुद्ध आल्यावर काय उपदेश केला याचा उल्लेखच नाही, तेल, द्राक्षारस, पट्ट्या, उतारशाळेचं भाडं, परत येईन तेव्हा वरचा खर्च देईन, एवढंच आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1890 च्या दशकात हॉस्पिटल उभं केलं, तिथे सांगली-कोल्हापूरकडची सगळ्या जातीधर्मांची माणसं ऑपरेशनला जायची आणि बरी होऊन आपापल्या घरी, आपापल्या देवांकडे जायची. कोणी श्रद्धेबद्दल विचारलं तर लाजू नका, मनापासून सांगा. पण औषधाच्या बाटलीला अट बांधली की ती सेवा राहत नाही, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

सेवा करून करून मी थकून गेलोय. आता चर्चमधून फोन आला की चीड येते. माझी प्रीती आटली का?

बहुतेक फक्त झोप कमी पडलीय आणि कामं जास्त झालीत. मार्क 1 मध्ये कफर्णहूमला संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येशू एकटाच निर्जन जागी प्रार्थनेला गेला, शिष्य शोधत आले, "सगळे तुला शोधताहेत" म्हणाले, आणि तो म्हणाला चला, दुसऱ्या गावांना जाऊ. दारात रांग असताना तो निघून गेला! मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तोंडावर सांगितलं की हे करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही (निर्गम 18), आणि मोशेने ते ऐकलं. कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपात भेदभाव होतोय अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सगळं स्वतःवर ओढलं नाही, मंडळीला सात जण निवडायला सांगितले.

"माझ्याशिवाय होणार नाही" हे वाक्य फार आध्यात्मिक वाटतं पण त्यात बराचसा मीपणा असू शकतो. एक जबाबदारी सोडा, ज्याला देताय त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या, मागे उभं राहून सूचना देऊ नका. येशूला घरी उतरवून घेणाऱ्या मार्थेला (लूक 10) येशूने स्वयंपाक केला म्हणून टोकलं नाही, ती फार गोष्टींनी व्याकूळ झाली होती आणि बहिणीच्या तक्रारी घेऊन आली होती, तेव्हा बोलला.

मला दुसऱ्यांसाठी करायला आवडतं, पण माझ्यासाठी कोणी केलेलं चालत नाही. हे चांगलंच ना?

पेत्राचंही असंच होतं, "तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत". ऐकायला केवढं नम्र वाटतं. आणि येशू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. नेहमी देणाऱ्याच्या जागेवर बसायचं हाही वरची जागा धरून ठेवायचा प्रकार असू शकतो. आजारी पडलात आणि महिला मंडळाच्या ताई डबा घेऊन आल्या तर घ्या, थँक्यू म्हणा, परतफेडीचा हिशेब लगेच सुरू करू नका.

पाळक किंवा पंच असताना नम्र कसं राहायचं? थोडा धाक नको का?

1 पेत्र 5:3 मध्ये सरळ लिहिलंय की कळपावर धनीपण चालवू नका, कित्ता व्हा. धाक लागतो तो हिशेब चोख ठेवण्याचा. जे आपल्याला नावडतं ते सांगणारा एक तरी माणूस जवळ ठेवा. आणि मंडळीच्या जागेवरून, निवडणुकीवरून कोर्टात जाण्याआधी 1 करिंथ 6:7 सगळ्यांनी एकत्र मोठ्याने वाचा, पौल विचारतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. हे अधिकारावरून भांडणाऱ्या दोन गटांना लागू आहे, ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याला गप्प करायला हे वचन वापरू नका.

माफी कशी मागायची? मला शब्दच सुचत नाहीत.

"काही चुकलं असेल तर माफ करा" ही माफी नाही. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, "मी तुम्हाला चारचौघांत खोटारडे म्हणालो, ते चुकीचं होतं", आणि पुढे "पण तुम्ही पण" जोडू नका. मत्तय 5:23-24 प्रमाणे दान वेदीपाशी ठेवून आधी जायचंय, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारआधी फोन करा. मुलांचीही माफी मागा. बापाने माफी मागितलेली मुलं विसरत नाहीत, आणि संडे स्कूलमध्ये नम्रतेचं जे सोनेरी वचन पाठ करून घेतात त्याहून जास्त ती यातून शिकतात.

माझ्यात नम्रता वाढतेय हे ओळखायचं कसं?

स्वतःकडे फार बघत बसू नका, त्याने उलटंच होतं. तरी विचारताच आहात तर, ज्या कामाचं श्रेय तुमचं होतं ते दुसऱ्याला मिळालं त्या संध्याकाळी तुमचं काय झालं ते बघा. तुमच्यापेक्षा लहान कोणी चूक दाखवली तेव्हा पहिलं वाक्य काय निघालं ते बघा. सेवक व्हायला आवडतं असं आपण म्हणतो, पण कोणी खरंच नोकरासारखं वागवलं की पोटात काय होतं, तिथे प्रार्थनेची जागा आहे. लूक 18 मधला जकातदार दूर उभा राहून एकच वाक्य बोलला होता, "हे देवा, मज पाप्यावर दया कर", ते पुरतं.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळल्यात. मी सगळं करते, पण मनात राग येतो, कधी वाटतं सुटल्या तर बरं. मी ढोंगी आहे का?

नाही ताई. 1 करिंथ 13 मध्ये प्रीती सहनशील आहे, सर्व सोसते असं लिहिलंय, आणि सोसावं लागतं याचाच अर्थ ते जड आहे. मनात राग असताना तुम्ही त्यांचं अंग पुसता, कूस बदलता, डायपर बदलता, रात्री हाक आली की उठता, ही प्रीतीच आहे. छान वाटत असेल तरच प्रीती असं बायबलमध्ये कुठेही नाही, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूलाही छान वाटत नव्हतं. "सुटल्या तर बरं" हा विचार दीर्घ आजारपण काढणाऱ्या खूप जणांच्या मनात येतो, तो तसाच्या तसा प्रभूला सांगा, त्याला धक्का बसत नाही.

पण एक विचारायचंय, त्यांचा मुलगा काय करतो? योहान 13 फक्त सुनांसाठी लिहिलेलं नाही. बेडपॅन त्यानेही उचलायचा, रात्रीची पाळी त्यानेही घ्यायची, नोकरी असेल तर सुट्टीच्या दिवशी पूर्ण जबाबदारी त्याची. हे त्याला जमत नाही असं नसतं, कोणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला सांगणं अवघड जात असेल तर पाळकबाईंना किंवा त्याच्या वयाच्या एखाद्या पंचाला सांगायला लावा.

आणि मंडळीतल्यांनो, अशा घरी भेटीला जाता तेव्हा दहा मिनिटं गीत, वचन, प्रार्थना करून चहा पिऊन निघून येऊ नका, तो चहाही त्याच ताईंना करावा लागतो. दोघीतिघींनी पाळी ठरवा, आठवड्यातून एक दुपार आजींजवळ बसा, औषधाच्या वेळा लिहून घ्या, आणि ताईंना म्हणा जा, झोपा, नाहीतर माहेरी जाऊन या, पाचपर्यंत आम्ही आहोत.